चार-पंचवीस म्हणजे काय?

कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात परवा एक शेतकरी बाप भेटला. हातात घडी घालून मऊ पडलेली फिर्यादीची प्रत. "वकीलसाहेब, ह्ये चार-पंचवीस म्हंजे काय ओ? पोरानं कुणाला मारलं न्हाई, काय न्हाई. नुसता कोयता हुता गाडीवर." असे बाप, असे कागद मी पंधरा-वीस वर्षं बघतोय. प्रत्येकाला जिन्यात उभ्याउभ्या जे सांगतो, ते एकदा बसून नीट लिहावं म्हणून हा लेख.

चार-पंचवीस म्हणजे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ४ आणि कलम २५. पेपरात याला 'भारतीय हत्यार कायदा' म्हणतात, चौकात 'आर्म ॲक्ट'. काय बाळगायला परवाना लागतो ते कलम ४ मध्ये, विनापरवाना बाळगलं तर शिक्षा किती ते कलम २५ मध्ये. बंदूक-पिस्तुलाचं प्रकरण असलं की ते 'तीन-पंचवीस' होतं. पेठांतली पोरं हे आकडे अगदी सहज बोलतात. त्यांना माहीत नसतो तो शिक्षेचा खालचा आकडा.

आपल्याकडच्या बहुतेक गुन्ह्यांना कायद्यात फक्त वरची मर्यादा लिहिलेली असते: 'तीन वर्षांपर्यंत', 'सात वर्षांपर्यंत'. त्याच्या आत किती द्यायची, की दंडावर भागवायचं, हे न्यायाधीश ठरवतात. हत्यार मध्ये आलं की पुष्कळ ठिकाणी कायदा खालूनही पट्टी ठोकतो: 'इतक्यापेक्षा कमी नाही'. मग मुलगा पहिल्यांदाच चुकला, शिकतोय, घरी म्हातारी आई आहे, हे सगळं खरं असूनही न्यायाधीशांना त्या पट्टीच्या खाली सहज उतरता येत नाही.

आधी हत्यार कशाला म्हणायचं ते बघू. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली किंवा तशी बदलून घेतलेली वस्तू, अशी या कायद्याची व्याख्या आहे. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू तिच्यातून वगळल्या आहेत. काठी आणि साधी हातातली छडी यांचा तर तिथे नावानिशी उल्लेख आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत बंदूक सोडून बाकीच्या हत्यारांची यादी आहे. तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, फरशी, सुरे, आणि ज्यांचं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे अशी इतर धारदार हत्यारं. इथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठीच बनवलेली अवजारं बाहेर ठेवली आहेत.

आता आपला कोयता घ्या. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कुठल्याही तालुक्यात ऊस उभा असला की घराघरात कोयता असतो. त्याचं पातं पुष्कळदा दोन इंचांपेक्षा रुंदच असतं. तरी उसाच्या फडातला कोयता हत्यार कायद्यात बसत नाही, कारण तो ऊस तोडायला बनवलाय. पण तोच कोयता रात्री अकरा वाजता राजारामपुरीत, ऊस नाही, शेत नाही, शर्टाच्या आत पाठीला लावलेला सापडला तर? वकील म्हणून मी म्हणेन की वस्तू बनली कशासाठी हे बघा. सरकारी वकील म्हणतील की ती या वेळी, या ठिकाणी, अशा रीतीने का बाळगली हे बघा. त्यातून पातं घासून दुधारी केलेलं असेल, मूठ बदलून पकड केलेली असेल, तर 'बदलून घेतलेली' हे शब्द पोराच्या अंगावर येतात. एडका, चॉपर असल्या पात्याच्या हत्यारांच्या बाबतीत तर शेतीचं कारण सांगायलाही जागा उरत नाही.

पंचनाम्यातली मापं म्हणूनच फार महत्त्वाची. कायदा पात्याची लांबी विचारतो. पंचनाम्यात कितीदा 'एकूण लांबी' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे मुठीसकट. साडेबारा इंचांच्या सुऱ्यातून साडेचार इंचांची मूठ वजा केली तर पातं ८ इंच उरतं, आणि ते नऊच्या आत येतं.

कलम ४ ची आणखी एक खोच आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. बंदुकीला देशभर सगळीकडे परवाना लागतो. बंदूक नसलेल्या हत्यारांना तो सरसकट लागत नाही. केंद्र सरकारने एखाद्या भागासाठी अधिसूचना काढून हे कलम तिथे लागू केलं असेल आणि ते हत्यार त्या वर्णनात बसत असेल, तरच विनापरवाना बाळगणं गुन्हा ठरतं. ती अधिसूचना सरकार पक्षाने कोर्टापुढे आणली का, हा बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न असायला हवा.

चार-पंचवीस सिद्ध झालं तर कैद आणि दंड, आणि कैदेला खालची पट्टी आहेच. पुरेशी आणि खास कारणं निकालपत्रात लिहून न्यायाधीश त्या पट्टीखाली येऊ शकतात. 'पोरगं लहान आहे' एवढं म्हटल्याने खास कारण होत नाही. त्या माणसाचं वय, आधीचं वागणं, हत्यार कोणत्या परिस्थितीत सापडलं, हे सगळं मांडावं लागतं आणि त्याचे कागद जोडावे लागतात.

त्याच फिर्यादीत बहुधा आणखी एक जोडी असते: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ची कलमं ३७(१) आणि १३५. सण, निवडणुका, आंदोलनं आली की जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश पेपरात छापून येतो. आपण ती बातमी वाचत नाही, पान उलटतो. या आदेशाखाली तलवारी-भाल्यांबरोबर साध्या काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायला बंदी घालता येते. म्हणजे हत्यार कायद्यातून सुटलेली काठी आणि सुटलेला कोयता इथे पुन्हा पकडला जातो. हा आदेश मोडला तर कैद एक वर्षापर्यंत, आणि लेखी कारण दिल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही. इथेही खालची पट्टी आहेच.

वाढदिवसाचं सांगायलाच हवं, कारण त्यात अडकलेली मुलं बघून मला खरोखर वाईट वाटतं. गल्लीच्या तोंडाला केक, केकवर तलवार, समोर मोबाइल. कुणाला ओरखडाही उठत नाही. पण हा कायदा इजा शोधत नाही, तो बाळगणं शोधतो. आणि बाळगण्याचा पुरावा त्या पोराने स्वतःच, चेहरा आणि जागेसकट, सगळ्या गावाला दाखवलेला असतो. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी झाली की चार-पंचवीस तिथे दिसतं. मी मंगळवार पेठेतल्या तालमीत दांडपट्टा फिरवायला शिकलो. वस्तादांचा नियम एकच होता: हत्यार तालमीतून एकटं बाहेर जायचं नाही. मिरवणुकीत मर्दानी खेळ करायचे तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्यायचा, त्यात खेळाडूंची आणि हत्यारांची यादी जोडायची, खेळ संपला की मोजून परत आणायचं. आजही प्रत्येक मंडळाला मी हेच सांगतो. मर्दानी खेळ ही कोल्हापूरची जिवंत विद्या आहे, आणि रीलमधल्या तलवारीमुळे तिच्याकडे संशयाने बघितलं जावं हे मला सहन होत नाही.

'बाळगणं' म्हणजे काय, यावर सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. वस्तू प्रत्यक्ष हातात असायलाच हवी असं नाही. पण ती आपल्याकडे आहे याची जाणीव हवी आणि तिच्यावर आपला ताबा हवा. मित्राने न सांगता तुमच्या गाडीच्या डिकीत सुरा टाकला तर तो तुमच्या जाणिवेतला ताबा नाही. पण हत्यार तुम्ही मित्राकडे ठेवायला दिलंत आणि हवं तेव्हा परत घेऊ शकता, तर ते मित्राच्या घरात असूनही तुमच्या ताब्यात धरता येतं. दुसऱ्याची पिशवी 'दोन दिवस ठेव' म्हणून ठेवून घेणाऱ्या पोरांनी हे लक्षात घ्यावं. आत काय आहे ते माहीत असेल तर ताबा दोघांचाही.

तीन-पंचवीस हे याहून पुष्कळ जड प्रकरण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बंदुकीच्या शिक्षा चांगल्याच वाढवल्या. विनापरवाना बंदूक, गावठी कट्टा किंवा काडतुसं बाळगली तर किमान २, कमाल ५ वर्षं. बनवणं किंवा विकणं यासाठी किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. सैन्य-पोलिसांसाठी राखलेल्या, म्हणजे निषिद्ध प्रकारच्या शस्त्रांसाठी नुसतं बाळगण्याला किमान ७, कमाल १४ वर्षं. परवाना असलेल्या माणसालाही आता दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. लग्नात, वरातीत हौसेने हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना खिशात असला तरी.

किमान शिक्षेची पट्टी किती कडक असते, हे संजय दत्तच्या खटल्यात सगळ्या देशाने बघितलं. टाडाच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या आरोपातून तो सुटला, पण निषिद्ध शस्त्र बाळगल्याबद्दल हत्यार कायद्याखाली खालच्या कोर्टाने त्याला ६ वर्षं दिली. मार्च २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती ५ वर्षांवर आणली. तेव्हाची किमान शिक्षा तीच होती.

तीन-पंचवीसमध्ये आरोपीच्या बाजूने एक महत्त्वाची तरतूद आहे. कलम ३ च्या गुन्ह्याचा खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आगाऊ मंजुरी लागते. शस्त्र आणि कागद न बघता ठोकलेल्या सहीची मंजुरी असेल तर तिच्यावर हल्ला चढवता येतो.

इथपर्यंत हत्यार नुसतं जवळ होतं. ते वापरलं की भारतीय न्याय संहिता सुरू होते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना ती लागते, त्याआधीच्यांना जुनी दंड संहिताच. समजा रंकाळ्यावर दोघांची जुंपली. एकाने बुक्की मारली, ओठ फुटला. साधी दुखापत: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेवढीच जखम चाकूने झाली तर कलम ११८(१), तीन वर्षांपर्यंत. जखम तीच, टाकेही तेवढेच, फक्त हातात लोखंड होतं म्हणून वरची मर्यादा तिप्पट. आता बुक्कीने दात पडला किंवा हाड मोडलं असं धरा. ती गंभीर दुखापत, सात वर्षांपर्यंत. आणि कोयत्याने हाड मोडलं तर कलम ११८(२): जन्मठेप, किंवा किमान १ ते कमाल १० वर्षं. जुन्या ३२६ कलमात हे किमान एक वर्ष नव्हतं, ते नव्या संहितेने आणलं. चेहरा कायमचा विद्रूप होणं हीसुद्धा गंभीर दुखापतच. शिवाय जखमी माणूस २० दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा त्याला नेहमीची कामं करता येत नसतील तर पूर्वी दुखापत गंभीर धरायचे. आता १५ दिवस पुरतात. म्हणून सीपीआर रुग्णालयातून मिळणारा जखमेचा दाखला दोन्ही बाजूंनी ओळीओळीने वाचायचा असतो.

घातक हत्यार कोणतं याची इथे ठरलेली यादी नाही. नऊ इंच-दोन इंचांचं माप इथे कामाचं नाही. भोसकायची, कापायची, गोळी झाडायची साधनं तर आहेतच. शिवाय हल्ल्यासाठी वापरली तर जीव जाऊ शकेल अशी कुठलीही वस्तू. आग, तापवलेली वस्तू, ॲसिडसारखे जाळणारे पदार्थ, अंगावर सोडलेलं जनावरसुद्धा. दगडाबद्दल सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये म्हटलं की दगडाचा आकार, तो कसा मारला, यावरून ठरवा. आणि चावा घेतल्याच्या एका प्रकरणात २००४ मध्ये सांगितलं की माणसाचे दात हे घातक हत्यार नव्हे.

वार डोक्यावर किंवा मानेवर असला की पोलीस बहुधा कलम १०९ लावतात, खुनाचा प्रयत्न. दहा वर्षांपर्यंत, आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. मारायचाच हेतू होता का, हे कोर्ट हत्यार कुठलं, वार कुठे, किती जोरात, किती वेळा आणि तोंडातून काय निघालं यावरून शोधतं. घरून हत्यार घेऊन आलेला माणूस 'रागाच्या भरात झालं' म्हणतो, तेव्हा ते पटवणं फार अवघड जातं. आणि हत्यार सापडलं नाही म्हणजे केस संपली, हा गैरसमजही काढून टाका. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार विश्वासार्ह असेल तर हत्याराशिवायही शिक्षा होते.

जबरी चोरीत हत्यार आलं की शिक्षेची उडी सगळ्यात मोठी. साध्या जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत, खाली पट्टी नाही. ती करताना घातक हत्यार 'वापरलं' तर कलम ३११ खाली किमान ७ वर्षं. वापरणं म्हणजे मारणंच नव्हे. समोरच्याला दिसेल असा चाकू हातात धरला, एवढंही वापरणंच, हे सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये फूल कुमार खटल्यात सांगितलं. ही किमान शिक्षा हत्यार वापरणाऱ्यालाच लागते, सोबतच्या रिकाम्या हाताच्याला नाही, हेही २००७ मध्ये दिलावर सिंग खटल्यात स्पष्ट झालं.

सतरा वर्षांच्या मुलांच्या आईबापांनी पुढचं नीट वाचावं. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बालन्याय मंडळापुढे जातं. पण मूल सोळा पूर्ण झालेलं असेल आणि गुन्हा 'निर्घृण' वर्गातला असेल, तर प्राथमिक मूल्यमापन करून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवता येतं. निर्घृण म्हणजे ज्याची किमान शिक्षा ७ वर्षं किंवा जास्त आहे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने 'किमान' या शब्दावरच बोट ठेवलं. आता मागचा परिच्छेद आठवा. मोबाइल हिसकावणाऱ्या मुलाने तो रिकाम्या हाताने हिसकावला तर तो या वर्गात येत नाही. चाकू दाखवून हिसकावला तर येतो. कट्टा विकण्याचंही तेच, तिथेही किमान ७ आहे.

टोळक्याने भांडायला गेलं तर हिशोब निराळा. पाच किंवा जास्त माणसं बेकायदेशीर हेतूने जमली की ती गैरकायद्याची मंडळी. दंग्याला दोन वर्षांपर्यंत, हातात घातक हत्यार असेल त्याला पाच वर्षांपर्यंत. पण सगळ्यांच्या समान हेतूसाठी एकाने वार केला तर त्या वाराची जबाबदारी कलम १९० खाली बाकीच्यांवरही येते. 'मी नुसता गाडीवर मागं बसलो हुतो' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. नुसतं बघायला थांबलेला माणूस यातून सुटतो; पण सोबत गेलेल्याला आपण बघेच होतो हे दाखवून द्यावं लागतं.

पुन्हा तोच गुन्हा केला तर? हत्यार कायद्याचं कलम ३१ म्हणतं, या कायद्याखाली एकदा दोषी ठरलेला पुन्हा दोषी ठरला तर नंतरच्या गुन्ह्याची शिक्षा दुप्पट. तडीपारी हा वेगळा मार्ग. पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. टोळीने, पैशासाठी, दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं झालेली असतील तर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लागू शकतो. त्यात किमान पाच वर्षं आणि किमान पाच लाख दंड.

दोषी ठरल्यावर लगेच आकडा सांगून मोकळं होता येत नाही. शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं, आणि माझ्या मते खटल्यातला हा सगळ्यात वाया घालवलेला दिवस असतो. वकील 'दया दाखवावी' एवढं म्हणून बसतो. वय, शिक्षण, काम, घरातले आजारी, जखमी माणसाला दिलेली भरपाई, कोठडीतलं वागणं, याचे कागद तेव्हाच द्यायचे असतात. हत्यार कायदा आणि न्याय संहिता, दोन्हींखाली शिक्षा झाली तर त्या एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हेही कोर्टच ठरवतं. दोन अधिक पाच म्हणजे सात होतील की पाचच, याचं उत्तर या एका ओळीत असतं. कळंब्याच्या तुरुंगात किंवा बिंदू चौकातल्या सबजेलमध्ये कच्चे कैदी म्हणून काढलेले दिवस ठराविक मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर हायकोर्टात ६० दिवस. आणि हायकोर्टासाठी आता मुंबईची रात्रगाडी पकडायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या भाऊसिंगजी रोडवर बसतं.

तर त्या शेतकऱ्याच्या पोराचा पंचनामा मी जिन्यातच वाचला. 'लोखंडी कोयता, एकूण लांबी २१ इंच.' पात्याची लांबी नाही, रुंदी नाही. मी म्हटलं, "काका, उद्या येताना सातबारा घेऊन या. उसाची नोंद असलेला."

"सातबारा कशाला, साहेब?"

"कोयता शेतातला आहे, हे दाखवायला. त्यानं चार-पंचवीसशी भांडता येईल."

त्यांचा चेहरा जरा खुलला. मग मी फिर्यादीतली दुसरी ओळ त्यांना दाखवली, ३७(१) आणि १३५ ची, आणि त्या रात्रीच्या मनाई आदेशाची तारीख वाचून दाखवली. सातबाऱ्यावर उसाच्या कितीही नोंदी असल्या तरी त्या तारखेला राजारामपुरीत कोयता का होता, हे पोरालाच सांगावं लागणार होतं. त्यांनी कागदाची पुन्हा तशीच घडी घातली आणि विचारलं, "उद्या पोराला घिऊन येऊ का, सातबाऱ्याबरूबर?"

"घेऊन या," मी म्हटलं.